बीचवर पतंगाचे फोटो दर वेळी काळे आणि ब्लर येतायत – नेमकं काय तपासायचं

डिसेंबरची सुट्टी संपली की एकदा आणि संक्रांत झाली की एकदा, वर्षातून दोनदा मला ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा हाच मेसेज येतो. सोबत चार फोटो असतात, आकाश मस्त, समुद्र मस्त, वाळू मस्त, आणि पतंगाच्या जागी एक काळा ठिपका. "ताई, पतंग लाल होता, शेपूट पिवळी होती, फोटोत काहीच दिसत नाहीये, कॅमेऱ्याचं काही बिघडलंय का?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते, कारण हा प्रॉब्लेम मला स्वतःला सलग तीन वर्षं होता आणि तो सुटेपर्यंत मी नको तिथे पैसे आणि वेळ घालवलाय.

माझं असं झालं. आम्ही दर डिसेंबरला पुण्याहून दिवेआगरला जातो, मुळशी-ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत. बहिणीच्या मुलाला पतंगाचं वेड आहे, तो रविवार पेठेतून कागदी पतंग घेऊन ठेवतो आणि बीचवर गेलं की आणखी एखादा कापडी, गरुडाच्या आकाराचा मागतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स होती, पतंग बारका आणि काळा आला, मला वाटलं झूम कमी पडतंय. दुसऱ्या वर्षी जास्त झूमची ५५-२५० लेन्स घेतली, पतंग मोठा आला पण काळाच आला. मग एका दुकानात कॅमेरा दाखवला, त्यांनी सेन्सर साफ करून दिला, तिसऱ्या वर्षी फोटो तसेच. पुढे महिन्याभरात संक्रांत आली, तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच भाचा आणि रविवार पेठेतलेच पतंग घेऊन आम्ही पुण्यातल्या तळजाई टेकडीवर गेलो आणि तिथे लाल पतंग लालच आला, शेपटीची झालर न् झालर दिसत होती. तेव्हा डोक्यात आलं की कॅमेरा नीट आहे, बीचवर मी काहीतरी वेगळं करतेय.

घरी आल्यावर दोन्हीकडचे फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले आणि एकच गोष्ट बघितली, सावल्या. तळजाईच्या फोटोंत पतंग उडवणाऱ्याची सावली माझ्यापासून लांब जात होती, म्हणजे सूर्य माझ्या पाठीमागे होता. दिवेआगरच्या सगळ्या फोटोंत, अगदी तिन्ही वर्षांच्या, सावली माझ्याकडे येत होती. म्हणजे मी दर वेळी सूर्यासमोर कॅमेरा धरून उभी होते आणि पतंगाची जी बाजू मला दिसत होती तिच्यावर ऊनच पडत नव्हतं. तर पहिलं काम हे करा, तुमचा काळा आलेला फोटो उघडा आणि वाळूवरची सावली कुठे पडलीये ते बघा. सावली तुमच्याकडे येत असेल तर पुढची सेटिंग्ज बदलून फार काही होणार नाही, आधी जागा बदलायला लागेल.

आता टेकडीवर असं होत नाही आणि बीचवरच का होतं, हे मला समजून घ्यायचं होतं, कारण कारण कळल्याशिवाय पुढच्या वेळी परत तेच होणार. कोकणातला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा गरम होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून वारा आत येतो. दुपारी जेवण करून, थोडं पडून चार वाजता आपण बीचवर येतो तेव्हा हाच वारा चांगला जोरात असतो, साधारण पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. पतंग वाऱ्याच्या दिशेने जातो, म्हणजे तो समुद्राकडे जातच नाही, तो सुरूच्या बनाकडे, गावाकडे जातो. पण आपल्याला तर फोटोत समुद्र पाहिजे असतो! म्हणून आपण सुरूच्या बाजूला जाऊन, पतंगाच्या जवळजवळ खाली उभं राहून, समुद्राकडे तोंड करतो, आणि चार-पाच वाजता सूर्य कुठे असतो तर बरोबर समुद्रावर. वारा, सूर्य आणि समुद्र तिन्ही एकाच बाजूला आले की पतंग काळाच येणार. टेकडीवर आपण उडवणाऱ्याच्या भोवती कुठेही फिरतो, समुद्र फ्रेममध्ये घ्यायचा हट्ट नसतो, म्हणून तिथे न कळत बाजू बरोबर पडते.

(मोबाईलमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये वारा बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा की वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा, वायव्येला जाणारा नाही. माझा यात पूर्वी नेहमी घोळ व्हायचा आणि मी बरोबर उलट्या बाजूला जाऊन उभी राहायचे.)

मग करायचं काय? दुपारी-संध्याकाळी सगळ्यात सोपं म्हणजे पाण्याच्या कडेला जा, समुद्राकडे पाठ करा आणि जमिनीकडे तोंड करून फोटो काढा. पतंगावर समोरून ऊन, रंग एकदम खुलून येतात, मागे निळं आकाश, खाली सुरूची रांग. समुद्र येत नाही हे खरं, पण पाय ओल्या वाळूत असतात, ओहोटी असेल तर ओल्या वाळूत पतंगाचं प्रतिबिंबही मिळतं आणि बघणाऱ्याला हा बीच आहे हे सांगायला तेवढं पुरतं. फक्त लाटेकडे पाठ असते त्यामुळे कॅमेऱ्याची बॅग मागे वाळूवर टाकू नका, कुणाच्या तरी हातात द्या.

समुद्र हवाच असेल तर किनाऱ्याच्या रेषेत बघा, म्हणजे समुद्र डाव्या किंवा उजव्या हाताला आणि पतंग उडवणारा समोर. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. डिसेंबर-जानेवारीत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, आपल्याकडे तो पश्चिमेच्या चोवीस-पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे हिवाळ्यात तुम्ही उडवणाऱ्याच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे कॅमेरा धरला तर सूर्य तुमच्या डाव्या खांद्याच्या मागे येतो, डावीकडे समुद्र दिसतो, उजवीकडे सुरू, आणि पतंगावर तिरपं ऊन पडतं. उलट, उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडे बघितलं तर सूर्य परत तिरपा समोर येतो आणि अर्धा पतंग काळा. बीच तोच, उडवणारा तोच, फक्त त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं एवढाच फरक, आणि फोटोत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. मे महिन्यात जाल तर हे उलटं होतं, तेव्हा सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, मग उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडे बघायचं. आणि मे महिन्यात भर दुपारी तर प्रयत्नच करू नका, मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, कोकणातही त्याच सुमारास, सूर्य डोक्यावर म्हणजे उजेड पतंगाच्या वरच्या बाजूला आणि आपल्याला दिसते खालची.

तिसरा मार्ग म्हणजे सूर्यासमोर राहूनच त्याचा उपयोग करून घ्यायचा. कागदी पतंग पातळ असतो, पतंगाच्या मागे सूर्य आला की तो आकाशकंदिलासारखा आतून उजळतो, काड्यांचा धनुष्यासारखा आकार स्पष्ट दिसतो आणि ते खरंच सुंदर दिसतं. जाड कापडी पतंगाला हे जमत नाही. यासाठी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) अधिक दीडच्या आसपास न्यावं लागतं, आकाश पांढरं पडेल, पडू दे. पण ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या काचेच्या खिडकीतून) सूर्याकडे अजिबात बघू नका, झूम लेन्स लावलेली असताना तर मुळीच नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लाइव्ह व्ह्यू लावून स्क्रीनवर बघा आणि सूर्य पतंगाच्या बरोबर मागे लपेल एवढ्याच क्षणापुरता कॅमेरा तिकडे न्या. फ्लॅश मारून काळा पतंग उजळेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही उजळत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काही मीटरपर्यंत पोचतो, पतंग चाळीस-पन्नास मीटरवर असतो.

बाजू बरोबर घेतली तरी थोडा काळेपणा उरतोच कधी कधी, आणि त्याचं कारण मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये पंच्याण्णव टक्के उजळ आकाश असेल तर तो त्या आकाशाला राखाडी करायला जातो आणि पतंग अंधारात जातो. अपर्चर मोडवर (एफचा आकडा तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) असाल तर तेच कॉम्पेन्सेशन अधिक १ पासून सुरू करा. माझं मत विचाराल तर सरळ मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळे आकडे स्वतःच लावा. ऊन तेच असतं, पतंग आकाशासमोर असो, झाडासमोर असो की लाटेसमोर, त्याच्यावर पडणारा उजेड बदलत नाही, मग मीटरला दर फोटोला नव्याने विचार का करायला लावायचा? स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) २००, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो मोठा तेवढं छिद्र लहान) आणि शटर १/१६०० सेकंद हे माझं सुरुवातीचं सेटिंग असतं. जुन्या फिल्मवाल्यांचा नियम होता ना, कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, हे त्याच हिशोबाने येतं. एक फोटो काढून स्क्रीनवर पतंग झूम करून बघायचा, फक्त पतंग, आकाश नाही, आणि एक-दोन क्लिक इकडे तिकडे करायचं. संध्याकाळी पाचनंतर उजेड पटापट उतरतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी परत तपासा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, सावलीतून रंग थोडाफार ओढून काढता येतो, जेपेगमध्ये ते फार ताणलं की दाणे दिसतात.

आता ब्लरचं. "ब्लर येतो" म्हणून जे फोटो मला येतात त्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांना एकच औषध देऊन चालत नाही. फोटो शंभर टक्क्यांवर झूम करा. पतंग, ढग, माणूस सगळंच एका दिशेला पुसल्यासारखं असेल तर हात हलला. माणूस स्वच्छ आणि फक्त पतंग फासल्यासारखा असेल तर शटर कमी पडलं. पतंग मऊ आणि दुसरंच काहीतरी, म्हणजे सुरूचं झाड किंवा लांबची बोट, स्वच्छ असेल तर फोकस चुकला.

पहिल्या दोन्हीला उपाय शटर. बीचवरच्या वाऱ्यात पतंग सतत थरथरत असतो, शेपूट तर सापासारखी वळवळते, आणि गोता खाताना तो इतक्या वेगाने खाली येतो की १/५०० ला पण टोकं पुसली जातात. १/१००० च्या खाली येऊ नका, दोन दोऱ्यांचे स्टंट पतंग असतील तर १/२०००. तुम्ही अपर्चर मोडवर एफ १६ लावून ठेवत असाल, कुणीतरी सांगितलंय म्हणून की लँडस्केपला एफ १६ लागतो, तर शटर तिथेच मरतं. शिवाय एफ १६ ला सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण मोकळ्या आकाशात करडा ठिपका बनून दिसतो. एफ ५.६ ते एफ ८, बस.

फोकसचं जरा जास्त सांगायला पाहिजे कारण लोकांचा सगळ्यात जास्त जीव इथे जातो. ऑटोफोकसला काहीतरी कडा लागते, उजेड-अंधाराची रेघ लागते पकडायला. मोकळ्या निळ्या आकाशात ती नसते. पतंग फोकस पॉइंटवरून जरा सरकला की लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे धावत सुटते आणि तेवढ्यात पतंगाने गिरकी घेतलेली असते. कॅननवर एआय सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी लावा, म्हणजे कॅमेरा सतत फोकस करत राहील. मागे मोकळं आकाश असेल तर एकाच पॉइंटऐवजी पॉइंटांचा गट घ्या, आकाशात पतंगाशिवाय दुसरं पकडण्यासारखं काही नसतंच. मागे झाडं किंवा लाटा आल्या की मात्र गट लगेच त्यांना पकडतो, तेव्हा परत एक पॉइंट.

आणि तरीही जमत नसेल तर, जे मी आता बहुतेक वेळा करते, मॅन्युअल फोकस. ऐकायला अवघड वाटतं पण पतंग माणसासारखा जवळ-लांब धावत नाही, त्याचं अंतर दोऱ्याने बांधलेलं असतं! उडवणारा ढील देत नाही आणि तुम्ही जागा सोडत नाही तोवर ते फारसं बदलत नाही. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, २०० एमएम, एफ ८ आणि पतंग ५० मीटरवर असेल तर साधारण ४२ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. म्हणजे वीस मीटरची सूट आहे तुम्हाला. पतंग स्थिर असताना एकदा ऑटोफोकसने नीट पकडायचा, लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकवायचं आणि मग फक्त फ्रेमकडे लक्ष द्यायचं. दर वेळी बटण सरकवायचा कंटाळा येत असेल तर मेनूत जाऊन फोकस शटर बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या, बोट उचललं की फोकस जागेवर राहतो. वाइड लेन्स असेल तर चिंताच नाही, २४ एमएमला एफ ८ वर दहा मीटरला फोकस लावून ठेवा, पतंगही स्वच्छ आणि उडवणाराही.

"पतंग खूप बारका येतो" ही तक्रार पण याच्याच जोडीने येते, आणि याला लेन्स घ्यायच्या आधी एक फुकटचा उपाय आहे, दोरा कमी करायला सांगा. हिशोब करून बघा. साधा दोन फुटांचा पतंग तुमच्यापासून ५५ मीटरवर आहे आणि तुम्ही मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याने काढताय, तर चार हजार पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम तीस पिक्सेलचा येतो, त्यात रंग काय आणि शेपूट काय दिसणार. तोच पतंग १५ मीटरवर आणला की शंभराच्या वर पिक्सेल मिळतात. उडवणाऱ्याला उंच गेलेला पतंग आवडतो, पोराटोरांना तर चक्री रिकामी होईपर्यंत दम नसतो, पण दहा मिनिटं फोटोसाठी म्हणून विनवलं की ऐकतात. समुद्रावरून येणारा वारा सपाट असतो, मधे बिल्डिंग नाही, झाड नाही, त्यामुळे दोरा कमी असला तरी पतंग टिकतो, फक्त सुरूच्या बनाला अगदी चिकटून उभं राहू नका, झाडांजवळ वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पतंग सारखा गोता खातो.

माणूस आणि पतंग दोन्ही एका फोटोत हवे असतील तर उडवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून वर बघू नका, त्याने नुसतं आकाश येतं. बाजूला चाळीसेक पावलं जा आणि कॅमेरा उभा धरा. दोरा दिसत नसला तरी ताणलेला हात आणि तिरपा पतंग यातून तो डोळ्याला आपोआप जाणवतो.

मोबाईलवाल्यांना एक वेगळाच त्रास होतो, पतंग दोनदा उमटतो किंवा कडेला भुतासारखी सावली येते. लोकांना वाटतं लेन्स तुटली. मोबाईल एका फोटोसाठी एकामागून एक अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकांवर चिकटवतो, आणि त्या तेवढ्या वेळात पतंग हललेला असतो. एचडीआर (अशा फ्रेम जोडणारं सेटिंग) बंद करायची सोय असेल तर बंद करा, प्रो मोड असेल तर शटर १/१००० ला बांधून टाका. फोकससाठी लांबच्या माणसावर किंवा सुरूच्या शेंड्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं छोटं चिन्ह वर सरकवून उजेड वाढवा आणि मग पतंगाकडे वळा. सगळंच फसत असेल तर फोर-के व्हिडिओ घ्या आणि त्यातली फ्रेम उचला, ती साधारण आठ मेगापिक्सेलची असते, चांगली मोठी प्रिंट निघते. बोटाने झूम करू नका, दोरा कमी करा, परत तेच सांगते.

पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) लावावा का? उत्तरेकडे बघत असाल तर लावा, आकाश गडद होतं, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तेव्हा आयएसओ वाढवा. वाइड लेन्सवर आकाशात मधेच गडद पट्टा येतो, तिथे नको. जिलेटिन कागदाचा पतंग असेल तर मात्र नक्की करून बघा, फिल्टर फिरवला की पारदर्शक कागदावर कधी कधी इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात.

सगळे फोटो फिके, धुक्यासारखे येत असतील तर लेन्सचं काच बघा, बहुतेक मिठाचा थर असतो. तासाभराच्या वाऱ्यात तो बसतोच. कोरड्या कापडाने घासू नका, त्यात वाळूचा कण असला की ओरखडा पक्का, आधी ब्लोअर मारा, मग लेन्सच्या कापडाला हलका ओलावा देऊन पुसा. आणि बीचवर लेन्स बदलू नका, गाडीत जाऊन बदला.

आता एक गोष्ट फोटोच्या बाहेरची पण मला ती सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आपण मागे मागे सरकत असतो आणि आजूबाजूला दुसऱ्यांचे दोरे ताणलेले असतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी कुणी ना कुणी तो आणतोच, आणि तो गळ्यावर आला तर काय होतं हे पुण्यात दर संक्रांतीच्या आसपास पेपरात वाचायला मिळतं. सरकायचं असेल तर डोळा काढा, बघा, मग सरका. आपल्या पोरांच्या हातात साधा सुती दोरा द्या. फोटोला त्याने काही फरक पडत नाही, आणि फोटो झाल्यावर सुरूच्या झाडात अडकलेला तुकडा काढता येईल तेवढा काढून न्या, पाखरं त्यातच अडकतात.

राहिला तो शेवटचा प्रश्न, जो मला स्वतःला तीन वर्षं छळत होता. मागे खराखुरा समुद्र, पतंगावर समोरून ऊन, आणि पतंग समुद्रावर, असा फोटो मिळूच शकत नाही का? मिळतो, पण संध्याकाळी नाही, सकाळी मिळतो. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा जास्त गार होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हिवाळ्यात उजाडल्यानंतरही थोडा वेळ तो असतो. सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे. पतंग समुद्रावर जातो, समोरून ऊन घेऊन. सगळं बरोबर जुळतं, फक्त हा वारा फार हलका असतो. कापडी गरुड त्यात उठतच नाही, कागदी पतंगच लागतो, कणी (पतंगाला दोरा जोडायची गाठ) नीट बांधलेला आणि शेपूट छोटी. मग मधे वारा पूर्ण पडतो आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडचा सुरू होतो, म्हणजे हातात वेळ तासा-दीड तासाचाच.

गेल्या डिसेंबरला आम्ही त्यासाठी मुद्दाम लवकर उठलो. पहिला फटका असा बसला की रूममध्ये रात्रभर एसी चालू होता, बाहेर दमट हवेत कॅमेरा काढल्या काढल्या लेन्सवर दव धरलं, पुसलं की परत धरत होतं. हे पुण्याहून एसी गाडीत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना पण होतं. पुसत बसायचं नाही, कॅमेरा बंद बॅगेत ठेवून बॅग आधीच बाहेर काढून ठेवायची आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, काच बाहेरच्या हवेइतकं गरम झालं की दव आपोआप जातं. आता मी बॅग रात्रीच पडवीत ठेवते.

ओहोटी होती, त्यामुळे सुरूपासून लांब, ओल्या वाळूपर्यंत जाता आलं, तिथे वारा जरा सरळ लागत होता. (ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आदल्या दिवशीची बघून ठेवली की दुसऱ्या दिवशीचा अंदाज येतो.) भाचा पाण्याच्या कडेला, मी त्याच्या मागे थोडी उजवीकडे, मॅन्युअल, १/१६००, फोकस बांधलेला. दोन वेळा पतंग उठला आणि वाळूवर बसला. तिसऱ्या वेळी माझ्या बहिणीने लांब जाऊन तो हातात धरून सोडला आणि तो हळूहळू लाटांच्या वर गेला, लाल पतंग, खाली निळसर करडं पाणी, मागे एक मासेमारीची बोट. "मावशी, काढ लवकर, वारं पडतंय!" असं तो ओरडतोय आणि मी काढतेय. अकरा फोटो निघाले. मग खरंच वारा पडला, पतंग पाण्यात गेला, कागद विरघळला आणि भाचा गुडघाभर पाण्यात जाऊन काड्या आणि दोरा गोळा करून घेऊन आला. त्या अकरातला सहावा फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय, त्यात पतंगावरचा डिंकाने चिकटवलेला जोडसुद्धा दिसतो.